संगणकाची किल्ली कोणाच्या हाती?



मजुरीचे पैसे, निराधारांचे अनुदान, पोरांची शिष्यवृत्ती, आज आमच्या जुन्नर-आंबेगावात सगळे बँकेच्या खात्यात येते. पासबुक भरून आणले की आयाबाया विचारतात, "हे आकडे त्या संगणकात सुखरूप असतात ना? कोणी पुसले तर दाद कोणाकडे मागायची?" हा प्रश्न अडाणीपणाचा नाही, शहाणपणाचा आहे. म्हणून या आठवड्यात त्यावरच लिहीत आहोत.

पैसा कोणाच्या भरवशावर ठेवायचा, हा प्रश्न या मातीला नवा नाही. जुन्नरच्या डोंगरांतल्या बौद्ध लेण्यांत जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचे शिलालेख आहेत. बांबूचे काम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, दानाची रक्कम ठेवल्याची नोंद त्यांत आहे. राबणाऱ्या हातांवर लोकांचा असा विश्वास होता! आणि ती नोंद दगडावर कोरलेली, गुपचूप खोडता न येणारी. आजची नोंद दगडावर नसते. ती 'सर्व्हर' नावाच्या, रात्रंदिवस चालणाऱ्या संगणकात असते. तिची राखण कशी होते, हे आपण समजून घेतलेच पाहिजे.

राखण ढिली पडली की काय होते, हे पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेने २०१८ साली भोगले. ११ ऑगस्टला दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी. त्या दिवशी बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतात आणखी अडीच कोटी गेले. सोमवारी, १३ तारखेला, १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख!

हे घडले कसे? आपण एटीएममधून पैसे मागितले की ती मागणी 'स्विच' नावाच्या सर्व्हरकडे जाते. स्विच बँकेच्या मुख्य खातेवहीला विचारतो, "शिल्लक आहे का?" होकार आला की नोटा बाहेर पडतात. चोरांनी बँकेच्या जाळ्यात शिरून मध्येच आपला खोटा स्विच बसवला. तो खातेवहीला न विचारताच "द्या, द्या" म्हणत राहिला. म्हणून ग्राहकांच्या खात्यांतून रक्कम वजा झाली नाही, फटका बँकेला बसला.

असे बरेचसे सर्व्हर युनिक्सच्या घराण्यातल्या प्रणालींवर चालतात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकी सरकारी संस्थांनी अशाच स्विच-चोऱ्यांबद्दल इशारा दिला. त्यांनी तपासलेल्या प्रकरणांत चोरांच्या हाती पडलेले सगळे स्विच-सर्व्हर एआयएक्स या युनिक्सच्या भाऊबंद प्रणालीच्या जुन्या आवृत्तीवर चालत होते. त्या आवृत्तीची डागडुजी कंपनीने बंद केली होती. छप्पर फुटके आणि गवंडी येणे बंद, असा तो प्रकार.

मग राखण करायची कशी? आम्ही कारकुनी करणारी माणसे. दिवसअखेर रोकड आणि वही जुळल्याशिवाय उठत नाही. सर्व्हरची शिस्तही याहून फार वेगळी नाही.

पहिली गोष्ट हक्कांची. युनिक्समध्ये 'रूट' हा सर्वाधिकारी. त्याची किल्ली रोजच्या कामाला वापरायची नाही. प्रत्येक फाइलवर मालक, गट आणि इतर यांचे वाचण्याचे, लिहिण्याचे, चालवण्याचे हक्क वेगवेगळे ठरवायचे. जेवढे काम तेवढाच हक्क. कोण कोणाच्या पोटी जन्मला, हे यंत्र विचारत नाही!

दुसरी गोष्ट नाक्याची. नाणेघाटात जकात दिल्याशिवाय माल वर येत नसे, असे आपण ऐकत आलो. जाळ्यावरचा 'फायरवॉल' तसाच नाका असतो. नको असलेल्या वाटा बंद ठेवायच्या. टपाल उघडणाऱ्या टेबलावरच्या संगणकातून थेट स्विचपर्यंत वाट असताच कामा नये.

तिसरी, दुरुस्ती आली की टाळाटाळ न करता करायची. चौथी, कोण केव्हा आत आले याची रोजनिशी दुसऱ्या यंत्रावर ठेवायची, म्हणजे चोराला पावले पुसता येत नाहीत. आणि ती सुट्टीच्या दिवशीही वाचायची. पाचवी, नोंदींची प्रत वेगळ्या जागी ठेवायची आणि ती उघडते का, हे मधूनमधून पाहायचे.

हे काम आमची पोरे करू शकतील का? का नाही! १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टॉरवॉल्ड्स या विद्यार्थ्याने युनिक्ससारखी लिनक्स ही प्रणाली लिहायला घेतली आणि ती जगाला मोकळी केली. ती फुकट मिळते, जुन्या संगणकावर चालते, आतून उघडून वाचता येते. ज्यांच्या वाडवडिलांना अक्षर शिकायला बंदी होती, त्यांच्यापुढे ही कुलूप नसलेली विद्या पडून आहे. बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पैशाचा कारभार हा आपला विषय नव्हे, असे त्यांनी मानले नाही. विहारात अभ्यासिका चालवणाऱ्या मंडळांनी एक जुना संगणक मिळवून एवढी सुरुवात करावी.

एक कळकळीची सूचना. कॉसमॉस प्रकरणात पुण्याच्या न्यायालयाने २०२३ साली ११ जणांना शिक्षा सुनावली. शिक्षा झाली ती एटीएमसमोर उभे राहणाऱ्या हातांना. चार पैशांच्या आमिषाने आपले खाते किंवा कार्ड कोणाला वापरायला देऊ नका. पोरांना हे आजच सांगा.

आणि आयाबायांच्या प्रश्नाचे उत्तर. खात्यातून पैसे गेले तर तासभरही न थांबता बँकेला कळवा, १९३० या क्रमांकावर फोन करा. बँक बुडाली तर फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचे संरक्षण आहे, सहकारी बँकेतही. पतपेढीला मात्र हा विमा नाही, हे ध्यानात ठेवा.

तथागतांनी शिकवलेला अप्पमाद म्हणजे गाफील न राहणे. तो विहारात हवा, घरात हवा आणि सर्व्हरच्या खोलीतही हवा.

जयभीम! नमो बुद्धाय!