बार्शीच्या बायकांनी जगाला दिलेलं उत्तर

कर्करोगाच्या रुग्णांची लोकसंख्येनुसार नोंद ठेवायला भारतात मुंबईने १९६० च्या दशकात सुरुवात केली. शहरात रुग्णालयांचे कागद चाळले की बहुतेक रुग्ण सापडत. खेड्यातली आजारी बाई मात्र रुग्णालयापर्यंत पोचतच नसे. म्हणून १९८७ मध्ये बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलात देशातली पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली, तेव्हा कार्यकर्ते स्वतःच गावोगाव निघाले. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतली ३४६ गावं. घरोघरी बसायचं, माणसांशी बोलायचं, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जातंय का, अंगावरून पांढरं जातंय का, असे प्रश्न विचारायचे. बायकांमध्ये सगळ्यात जास्त आढळला तो गर्भपिशवीच्या तोंडाचा कर्करोग.

काही वर्षांतच एक गोष्ट लक्षात आली. उपचारांत कोणताही मोठा बदल झाला नव्हता, तरी बायका आधीच्या टप्प्यावर दवाखान्यात येऊ लागल्या होत्या. कोणीतरी येऊन या आजाराबद्दल मोकळेपणाने बोललं, एवढ्यानेच हे घडलं होतं. औषधाच्या शोधापेक्षा हा निष्कर्ष मला कमी मोलाचा वाटत नाही.

याच पायावर पुढची मोठी चाचणी उभी राहिली. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांना गावसमूहांनुसार चार गटांत विभागलं गेलं. एका गटाची हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूसाठी तपासणी झाली, दुसऱ्याची पॅप स्मीअर, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी, तिसऱ्या गटात गर्भाशयमुखाला पातळ ॲसेटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहिलं गेलं. चौथ्या गटाला नेहमीची आरोग्यसेवाच मिळाली. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. चौथ्या गटात या कर्करोगाने ६४ मृत्यू झाले होते, एचपीव्ही गटात ३४. आयुष्यात एकदाच केलेल्या एका तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले होते. जगभर तपासणीची धोरणं ठरवताना पुढे या आकड्यांचा आधार घेतला गेला.

ॲसेटिक ॲसिडच्या एकदाच केलेल्या तपासणीने मात्र या चाचणीत मृत्यू लक्षणीय घटले नाहीत. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने तीच तपासणी दर दोन वर्षांनी, चार वेळा केली. ती करणाऱ्या होत्या दहावीपर्यंत शिकलेल्या आणि चार आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या बायका. तिथे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे स्वस्त तपासणीही कामाची आहे, पण ती चिकाटीने पुन्हापुन्हा करावी लागते.

चौथ्या गटाबद्दल बोललंच पाहिजे. त्यात एकतीस हजारांवर स्त्रिया होत्या. तपासणीचा उपयोग होतो हे श्रीमंत देशांना कित्येक दशकं ठाऊक असताना या बायकांना तिच्याविना का ठेवलं, हा आक्षेप पुढे जाहीरपणे घेतला गेला. त्यावर उत्तर असं होतं की आपल्या खेड्यांत एरवी कुणालाच तपासणी मिळत नव्हती आणि इथे काय चालेल हे इथेच सिद्ध करावं लागणार होतं. हे उत्तर मला अर्धंच पटतं. पुरावा हाती आल्यावर तो त्याच गावांत राबवला असता, तरच ते पुरतं पटलं असतं. २०१६ मध्ये केंद्राने ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी तपासणी करायची रूपरेषा काढली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ही तपासणी एकदा तरी झालेल्या निघाल्या १.९ टक्के.

एचपीव्हीच्या लसीच्या बाबतीतही जगाचं देणं इकडेच निघतं. २००९ मध्ये भारतात मुलींना लसीचे दोन डोस पुरतात की तीन लागतात हे पाहणारा अभ्यास सुरू झाला. बार्शी आणि पुणे त्याच्या केंद्रांत होती. दरम्यान, आंध्र आणि गुजरातेतल्या एका वेगळ्या लसीकरण प्रकल्पात मुलींची संमती नीट घेतली नव्हती, यावरून वादळ उठलं आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारने सगळंच थांबवलं. त्यामुळे जवळपास पाच हजार मुलींना एकच डोस मिळाला. संशोधकांनी त्यांना वाऱ्यावर सोडलं नाही, वर्षानुवर्षं त्यांच्या संपर्कात राहिले. दहा वर्षांनंतर दिसलं की एका डोसचं संरक्षण दोन-तीन डोसांच्या तोडीचं आहे. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसचा पर्याय मान्य केला, त्यामागे हाही पुरावा होता. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या देशी लसीला मान्यता मिळाली.

हे ज्ञान जिथे जन्मलं, त्याला लागूनच बीड जिल्हा आहे. २०१९ मध्ये तिथल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जात असल्याचं उघड झालं. सरकारी पाहणीत सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली, कित्येकींची ऐन तिशीत. पाळीच्या दुखण्याने कामाचा खाडा झाला की पैसे कापले जातात, मुकादमाची उचल फिटत नाही, फडात संडास नाही, पाणी नाही. अशी बाई पोटात दुखतंय म्हणून डॉक्टरकडे जाते. सोनोग्राफीत गाठ दिसते आणि तिला सांगितलं जातं, पिशवी काढ, नाहीतर कॅन्सर होईल. अंडाशयातल्या पाण्याच्या गाठी तरुण बायकांत सर्रास आढळतात, बहुतेक दोन-तीन पाळ्यांत आपोआप विरतात आणि त्या कॅन्सर नसतात. पांढरं जाण्याचं कारण बहुतेकदा साधा, औषधाने बरा होणारा संसर्ग असतो. ज्या भीतीवर बार्शीच्या कार्यकर्त्यांनी घरोघरी बसून माहितीचा उतारा दिला, तीच भीती इथे धंद्याचं भांडवल झाली. याबद्दल मनात संताप आहे आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही.

आणि खरोखरच हा कर्करोग झालेल्या, पण दवाखान्यात उशिरा पोचलेल्या बाईच्या वाट्याला काय येतं? कंबर आणि पाय ठणकतात, लघवीवर ताबा राहत नाही, वास येतो म्हणून घरातलीही दूर बसतात. रेडिएशनसाठी, तिच्या भाषेत लाइट घेण्यासाठी, पाच-सहा आठवडे शहरात राहावं लागतं, तेवढी मजुरी बुडते. टाटा रुग्णालयाने अशाच पुढच्या टप्प्यातल्या ८५० स्त्रियांवर केलेल्या चाचणीचे निकाल २०१८ मध्ये आले. रेडिएशनला दर आठवड्याच्या केमोची जोड दिल्यावर पाच वर्षांनी ५४ टक्के हयात होत्या, नुसत्या रेडिएशनवर ४६ टक्के. हे आठ टक्केही ज्यांच्या पदरात पडत नाहीत, त्यांच्या वेदनेचं काय? १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने मॉर्फिन इतकं दुर्मीळ केलं की २०१४ ची दुरुस्ती होईपर्यंत एक पिढी कण्हत गेली. कायदा झाला त्याच्या पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, मुंबईत मरणासन्न रुग्णांसाठी शांती अवेदना सदन उभं राहिलं. मरणाऱ्या माणसाची वेदना हा वैद्यकाचा विषय आहे हे त्याने दाखवलं. जिल्ह्याच्या ठिकाणी अशी सोय आजही विरळा आहे.

एचपीव्हीचा नमुना आता बाई स्वतः, आडोशाला जाऊन घेऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने ते मान्य केलं आहे. धाराशिव आणि बीडच्या गावांतून कोयते, म्हणजे ऊसतोडणीची जोडपी, दसऱ्यानंतर निघतात. त्याआधीच्या महिन्यात, बाया घरी असताना, आशाताईंच्या हाती नमुन्याच्या नळ्या द्याव्यात आणि त्याच भेटीत सांगावं की पाण्याच्या गाठीसाठी पिशवी काढायची नसते. ज्यांचा निकाल वाईट येईल त्यांचा उपचार कारखान्याच्या जिल्ह्यातही होईल अशी नोंद त्यांच्यासोबत जावी, आणि त्या दिवसांचा खाडा मुकादमाने नव्हे, साखर कारखान्याने सोसावा.