आवारातील म्हातारा पाहुणा

गेल्या दिवाळीच्या सुमारास आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध टांगेवाला निवर्तला. बेळगावात टांग्यांचे दिवस केव्हाच सरले. तरी या गृहस्थाने आपला तांबडा घोडा अखेरपर्यंत सांभाळला होता. मागे राहिलेल्या पत्नीस दाणावैरणीचा खर्च झेपेना. एक दलाल दोनदा येऊन गेला. तो घोडा कोठे नेणार हे त्याने सांगितले नाही, आणि विचारण्याचे धैर्य कोणासही झाले नाही. मुंबईत २०१५ साली उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरविल्या, तेव्हाही घोड्यांचे पुढे काय, हा प्रश्न असाच उभा राहिला होता. असो. चर्चच्या आवारातील लाकडांची पडवी रिकामी करून आम्ही घोडा आणला. सेमिनरीत आम्हांस लॅटिन शिकविले होते, घोडा शिकविला नव्हता.

पहिल्याच संध्याकाळी आमच्या हातून घोर चूक घडली. त्याच्या फासळ्या व डोळ्यांवरचे खळगे पाहून आम्हांस दया आली आणि आम्ही बादलीभर भिजविलेले हरभरे त्याच्यापुढे ठेवले. मध्यरात्री तो पायाने जमीन उकरू लागला, वळून वळून आपल्या कुशीकडे पाहू लागला, बसे आणि पुन्हा उठे. घोड्यास वांती करता येत नाही. पोटात गेले ते पुढेच सरकले पाहिजे. डॉक्टरांनी नाकातून नळी घालून तेल सोडले व पहाटे तीनपर्यंत आम्ही त्यास कंदिलाच्या उजेडात फिरवीत राहिलो. डॉक्टर जाताना एवढेच म्हणाले, ‘‘फादर, उपाशी घोड्याला आधी गवत, तेही थोडे थोडे. चंदी मागाहून, चिमटीचिमटीने वाढवीत न्यायची.’’ त्या रात्रीची लाज आम्हांस अद्याप वाटते.

घरच्यांनी घोड्याचे वय बारा सांगितले होते. डॉक्टरांनी त्याचा ओठ उचलून वरच्या जबड्यातील कडेचा पुढचा दात आम्हांस दाखविला. या दातावर साधारण दहाव्या वर्षी हिरडीलगत एक उभी तपकिरी खाच उमटते. पंधराव्या वर्षी ती अर्ध्यावर येते, विसाव्या वर्षी टोकास पोहोचते आणि मग हिरडीकडून पुसट होऊ लागते. आमच्या पाहुण्याची पुसट होऊ लागली होती. घरच्यांना दोष कसा द्यावा? प्रिय माणसाचे वयही आपण कमीच धरतो.

त्याच्या पायांशी गवताचे अर्धवट चावलेले गोळे पडलेले आम्ही रोज पाहत होतो आणि त्यास खोडी समजत होतो. दाढा झिजल्या होत्या, कडा धारदार होऊन गालास टोचत होत्या. डॉक्टरांनी त्या कानशीने घासून दिल्या. तेव्हापासून कडबा बारीक कापून, कोंडा पाण्यात कालवून, दिवसातून चार-पाच वेळा देतो. त्याचे वजन तीनशे किलोच्या आसपास. दिवसास पाच-सहा किलो सुका चारा तरी पोटात जावा लागतो. नालबंद शोधण्यात मात्र तीन आठवडे गेले. डांबरी रस्ता सुटल्यामुळे त्याने नाल काढून टाकले. आता दीड-दोन महिन्यांनी खूर छाटले की पुरते.

तरीही तो आम्हांस बिचकतच होता. एकदा तर मिस्सासेवक मुलगा लाथेतून थोडक्यात वाचला. एका रविवारी टांगेवाल्याची पत्नी आली. ती दूरूनच जिभेने ‘टक्टक्’ करीत उजव्या अंगाने गेली, आणि त्याने मान तिच्या खांद्यावर टेकविली. ‘‘डावा डोळा गेलाय त्याचा,’’ ती म्हणाली. ‘‘अंधारात आमचे हे आधी बोलायचे, मग हात लावायचे.’’ महिनाभर आम्ही त्याच्या आंधळ्या बाजूने मुकाट्याने जात होतो!

आणखी एक चिंता होती. घोडा उभ्याने डुलकी घेतो, पण गाढ झोपेसाठी त्यास आडवे व्हावेच लागते, आणि निर्धास्त वाटल्याखेरीज तो आडवा होत नाही. आमचा पाहुणा कधीच आडवा दिसेना. बाईंच्या सांगण्यावरून शेजारी एक शेळी बांधली. पंधरवड्याने पहाटे पाहतो तो घोडा अंग टाकून निश्चल पडलेला. आम्ही झग्यासकट धावलो. त्याने एक कान हलविला, रागाने फुरफुरला आणि पुन्हा मान टाकली; शेळी त्याच्या पोटाशी टेकून रवंथ करीत होती. त्या दिवशी सहाच्या मिस्सेस आम्हांस पाच मिनिटे उशीर झाला.