दर कराराच्या यादीत आपण कुठे?

29 ऑक्टोबर 1942 रोजी बाबासाहेबांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात नोकऱ्या आणि शिक्षणाच्या जोडीला सरकारी ठेक्यांचाही हिशेब होता. केंद्रीय बांधकाम खात्याच्या यादीत ठेकेदार 1171 आणि त्यात अस्पृश्य फक्त एक! नोकरीतल्या राखीव जागांसाठी आम्ही मोर्चे काढले, ते काढायलाच हवे होते. ठेक्यांच्या यादीकडे मात्र आमचे लक्ष गेले नाही.

आज ही यादी दर कराराच्या रूपाने चालते. प्रत्येक कार्यालयाने खुर्ची, कागद, औषध यांसाठी वेगळी निविदा काढायची नाही. एक मध्यवर्ती संस्था ठरावीक मुदतीसाठी पुरवठादार आणि दर पक्के करते. किती माल उचलणार याची हमी सहसा नसते. मग ज्याला गरज असेल ते कार्यालय नुसता पुरवठा आदेश काढते. केंद्रात हे काम पुरवठा महासंचालनालय करीत असे. ते 31 ऑक्टोबर 2017 रोजी बंद झाले. आता 2016 मध्ये सुरू झालेल्या 'जेम' पोर्टलवर खरेदी होते.

पद्धत मुळात वाईट नाही. तामिळनाडूने 1994 मध्ये औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढले आणि सरकारी दवाखान्यांना स्वस्त औषधे मिळू लागली. महाराष्ट्राने 2017 मध्ये ही खरेदी हाफकिनकडे सोपवली, तुटवड्याच्या तक्रारी वाढल्या, आणि 2023 मध्ये कायदा करून वेगळे प्राधिकरण नेमावे लागले. मधल्या काळात चिठ्ठी घेऊन बाहेरच्या दुकानात कोणाला जावे लागले, हे आमच्या वस्त्यांना सांगायला नको.

पण एकत्र खरेदी म्हणजे मोठी मागणी, आणि मोठ्या मागणीबरोबर उलाढालीच्या व पूर्वानुभवाच्या अटी येतात. यादी एकदा बंद झाली की मुदत संपेपर्यंत बाहेरचा बाहेरच.

यावर उतारा म्हणून केंद्राचा 2012 चा आदेश आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांकडून 20 टक्के खरेदी (2018 मध्ये ती 25 टक्के झाली), आणि त्यातील 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून. अनामत रक्कम माफ. लघु उद्योगाचा दर सर्वात कमी दरापेक्षा 15 टक्क्यांपर्यंत जास्त असला, तरी त्या कमी दरात माल देण्याची संधी. कागदावर सगळे झकास! परंतु त्याच आदेशात एक वाक्य आहे. आमचे उद्योजक निविदेत आलेच नाहीत किंवा अटींत बसले नाहीत, तर हे 4 टक्के इतर लघु उद्योगांकडून भरून काढायचे. म्हणजे अटी अशा घाला की आम्ही बसणार नाही, आणि आमचा वाटा दुसऱ्याला द्या. तरीही आदेश पाळला गेला असे म्हणता येते. नोकरीतला अनुशेष निदान पुढे ओढला जातो, इथे तोही नाही.

नवी मुंबईत हा प्रश्न दूरचा नाही. कोकण रेल्वे आणि भारतीय कापूस महामंडळ या केंद्राच्या उपक्रमांची मुख्य कार्यालये सीबीडी बेलापूरलाच आहेत, आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एमआयडीसी तिथून हाकेच्या अंतरावर. लघु उद्योगांकडून वर्षभरात काय घेणार, याचा आराखडा संकेतस्थळावर टाकणे याच आदेशाने बंधनकारक आहे. आमच्या कार्यकर्त्यांनी तो काढून वाचावा. निविदा निघण्याआधी अटींवर लेखी हरकत घ्यावी. आणि गेल्या तीन वर्षांतले 4 टक्के नेमके कोणाला गेले, हे माहितीच्या अधिकारात विचारावे. अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे.