अँथनीच्या हाती पेला कोणी दिला?

“तुम्ही ख्रिस्ती? मग मराठी इतके शुद्ध कसे बोलता?” हा प्रश्न ज्याला आयुष्यात एकदाही विचारला गेला नाही, असा वाचक या त्रैमासिकाला क्वचितच लाभला असेल. विचारणारा बहुधा सज्जन असतो. तो आपले कौतुकच करीत असतो. सामवेदी किंवा वाडवळी बोलीत वाढलेला, मराठी शाळेत शिकलेला वसईचा माणूस स्वतःच्याच मातृभाषेबद्दल शाबासकी स्वीकारतो आणि ओशाळे हसून गप्प बसतो.

हा प्रश्न येतो कोठून? फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालचे. रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई मराठी घराघरांत पोहोचलेली. २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद, विरोधाचे काही सूर उमटूनही, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले. म्हणजे साहित्याने आपल्याला परके मानलेले नाही. परके ठरविले ते चित्रपटाने, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि त्या अपराधात आपलाही वाटा आहे, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

वास्तविक चित्रपटाशी आपले नाते त्याच्या जन्मापासूनचे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखविली गेली. पुढे सुमारे दीड दशकाने धुंडिराज गोविंद फाळके यांनी मुंबईतच प्रभू येशूच्या जीवनावरील मूकपट पाहिला. तो पाहता पाहता आपल्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण, अयोध्या आणि गोकुळ उभे राहू लागले, असे त्यांनीच १९१७ साली ‘नवयुग’मध्ये सांगितले आहे. त्या ध्यासातून ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये झळकला. यावरून भारतीय चित्रपटावर मालकी सांगण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. अर्थ एवढाच की, दुसऱ्याच्या प्रभूचे चरित्र पाहून आपल्या देवाची ओढ लागावी आणि ती मोकळेपणाने कबूल करावी, इतके उदार मन या कलेच्या जनकाचे होते.

बोलपट आला, गाणी आली आणि मोठ्या वाद्यवृंदाची गरज निर्माण झाली. संगीतकारांपाशी सुरेल चाली होत्या. परंतु अनेक वाद्यांना एकाच वेळी नेमके सूर वाटून द्यायचे, तर पाश्चात्त्य स्वरलिपी लिहिणारा हात हवा. तो हात गोव्यातील चर्चच्या शाळांत तयार झालेला होता. पोर्तुगीज अमलात तेथील धर्मग्रामांच्या शाळांत मुलाला स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकविले जाई, ते मिस्सेच्या गायनवृंदासाठी. तीच मुले पोटासाठी मुंबईला आली, गावकऱ्यांच्या कुडांत दाटीवाटीने राहिली, हॉटेलांतून जॅझ वाजवू लागली आणि तेथून ध्वनिमुद्रणगृहांत शिरली. चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, सेबॅस्टियन डिसोझा ही त्यांतली काही नावे. शंकर-जयकिशन यांच्या कितीतरी गाण्यांमागील व्हायोलिनांची भरती-ओहोटी सेबॅस्टियन यांनी कागदावर उतरविली. अशा बहुतेक वादकांची नावे मात्र कधी पडद्यावर आली नाहीत.

या ऋणाची फेड कशी झाली? नायिकेने परपुरुषांपुढे नाचावे, हातात पेला घ्यावा, हे प्रेक्षकाला रुचणारे नव्हते. पण नाच तर हवाच होता. मग ते काम जिच्यावर सोपवायचे, तिचे नाव तेवढे ख्रिस्ती ठेवले की प्रश्न सुटे. ‘गुमनाम’मधील (१९६५) किटी, ‘तीसरी मंझिल’मधील (१९६६) रूबी, ‘कारवाँ’मधील (१९७१) मोनिका या तिन्ही भूमिका हेलन यांच्या. ब्रह्मदेशातून निर्वासित होऊन आलेल्या या कलावतीच्या नृत्याविषयी आम्हाला आदरच आहे. दोष नाचणारीचा नव्हे, नाव ठेवणाऱ्यांचा. ‘बॉबी’तला (१९७३) जॅक ब्रगांझा दिलदार खरा, पण बाटलीशिवाय त्याची ओळख पुरी होत नाही. ‘ज्यूली’तील (१९७५) अँग्लो-इंडियन घरात बाप मद्यपी आणि मुलगी विवाहापूर्वीच गरोदर. ज्या समाजाच्या मुली परिचारिका, शिक्षिका, टंकलेखिका म्हणून फार लवकर घराबाहेर पडल्या, त्या समाजाची स्त्री पडद्याला दिसली ती केवळ तिच्या आखूड झग्यासह. गुडघ्याच्या वर लाल लुगडे नेसून, डोक्यावर भाजीची पाटी घेऊन बाजार गाठणारी वसईची ख्रिस्ती माउली तर त्याला दिसलीच नाही.

या साऱ्यांचा कळस म्हणजे ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७). या चित्रपटाने कोट्यवधी लोकांना निर्मळ हसविले आणि सर्वधर्मसमभावाचा एक भाबडा पण प्रेमळ धडा दिला, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु त्यातील अँथनी गोन्साल्विस हे नाव कोठून आले? मूळचे गोव्यातील माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे थोर व्हायोलिनवादक आणि वाद्यवृंद-संयोजक. संगीतकार प्यारेलाल यांचे गुरू. १९५८ साली भारतीय आणि पाश्चात्त्य संगीताचा मेळ घालणारा वाद्यवृंद त्यांनी मुंबईत उभा केला. प्यारेलाल यांनी गुरुऋण म्हणून ते नाव गाण्यात गोवले. हेतू पूजेचाच होता. पण पडद्यावर त्या नावाचा धनी झाला तो दारूचे दुकान चालविणारा, ईस्टरच्या अंड्यातून उडी मारून बाहेर येणारा एक गमतीदार दादा. खरे गोन्साल्विस २०१२ साली गोव्यात वारले. त्यांचे नाव देशाच्या ओठांवर होते. त्यांचे व्हायोलिन किती जणांना ठाऊक होते? शिवाय कथेतला तो अँथनी मुळात हिंदू आईबापांचा हरवलेला मुलगा! ख्रिस्ती जन्माने होत नाही, बाप्तिस्म्याने होतो, हे खरे. तथापि हिंदी पडद्यावरील आपल्या सर्वांत लाडक्या प्रतिनिधीलाही ख्रिस्ती आईच्या पोटी जन्म लाभला नाही, हे विसरून चालणार नाही.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही पाहू. ‘अनाडी’त (१९५९) ललिता पवारांनी उभी केलेली मिसेस डिसा, ‘३६ चौरंगी लेन’मधील (१९८१) एकाकी शिक्षिका, ‘अल्बर्ट पिंटो को गुस्सा क्यों आता है’मधील (१९८०) गिरणीकामगाराचा मोटार मेकॅनिक मुलगा ही हाडामांसाची माणसे आहेत. मराठीत विजया मेहता यांनी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’ना पडदा दिला. दारूबंदीच्या काळात मुंबईच्या काही ख्रिस्ती वस्त्यांत आंटीचे अड्डे होते, हेही काही चित्रपटवाल्यांनी रचलेले कुभांड नव्हे. आणि आपल्या लग्नसमारंभांत पेला हाती घेतल्याशिवाय ज्यांचे पाय थिरकत नाहीत, त्यांनी पडद्यावरच्या पेल्याबद्दल फार मोठ्याने बोलू नये.

पण खरा प्रश्न पुढेच आहे. २००५ साली ‘सिन्स’ या चित्रपटात एका धर्मगुरूचे अनैतिक वर्तन दाखविले, तेव्हा आपल्या संघटना न्यायालयापर्यंत गेल्या. २००६ साली ‘द विंची कोड’च्या वेळी आपण रस्त्यावर उतरलो, चित्रपटाला ‘हे सारे काल्पनिक आहे’ असा खुलासा जोडावा लागला, काही राज्यांनी बंदीही घातली. किटी, रूबी, मोनिका यांच्यासाठी मात्र अशी मोठी फळी कधी उभी राहिली नाही. आपल्या लेकीबाळी लोकलच्या डब्यात त्याच नजरा झेलीत होत्या, तेव्हा आपण त्याच गाण्यांवर नाताळच्या कार्यक्रमात टाळ्या वाजवीत होतो. धर्मगुरूंच्या झग्यासाठी आपण जेवढे पेटतो, तेवढे आपल्या मुलींच्या अब्रूसाठी पेटत नाही, हे कटू असले तरी सत्य आहे. तरीही बंदी मागणे हा उपाय नव्हेच. बंदीने एक चित्रपट थांबतो, नजर बदलत नाही. उलट, कालपर्यंत ज्यांना आपण केवळ परके वाटत होतो, त्यांना आपण असहिष्णूही वाटू लागतो.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी समाजसंपर्क माध्यमांविषयीच्या आपल्या आदेशपत्रात चित्रपटाला मानवी प्रज्ञेच्या अद्भुत शोधांत स्थान दिले आणि चांगल्या चित्रपटांच्या निर्मितीस हातभार लावण्याचे आवाहन श्रद्धावंतांना केले. आपण त्यातून काय उचलले? कोणता चित्रपट पाहू नये, एवढेच. केरळात पाहा. तेथील ख्रिस्ती माणूस पडद्यावर शेतकरी आहे, मच्छीमार आहे, पापी आहे, पुण्यवान आहे, ‘ई. म. यौ.’सारखा (२०१८) संपूर्ण चित्रपट किनाऱ्यावरील एका कॅथोलिक घरातल्या अंत्यविधीभोवती फिरतो. कोकणीत बार्डरॉय बार्रेतो यांनी ‘नाचुंया कुंपासार’ (२०१४) काढून त्या विस्मृत वादकांना न्याय दिला. या लोकांनी तक्रारी करीत न बसता आपली कथा आपण सांगितली.

आणि आपण? वसईच्या किल्ल्यात चित्रीकरणाच्या गाड्या येतात, पडक्या भिंतींपुढे नायक-नायिका गातात आणि संध्याकाळी निघून जातात. किल्ल्यापासून हाकेच्या अंतरावर ज्यांचे दिवे लागतात, त्यांच्या घरात कॅमेरा शिरत नाही. कारण त्याला आत बोलावील अशी कथाच आपण लिहिलेली नाही. पाण्यासाठी आणि जमिनीसाठी लढलेला हरित वसईचा लढा, केळीच्या वाड्या विकल्या जाताना भावाभावांत पडलेली भिंत, आखातात नोकरीला गेलेल्या बापाची रिकामी खुर्ची, बोली विसरलेल्या नातवाशी बोलू पाहणारी आजी, हे सारे कथाबीज आपल्या अंगणात पडून सुकत आहे.

म्हणून आमचे मागणे बंदीखात्याकडे नाही, आपल्याकडेच आहे. धर्मग्रामातील युवक-संघांनी वर्षातून एक तरी चांगला चित्रपट एकत्र पाहून त्यावर चर्चा ठेवावी. ज्यांच्या घरात जुने वादक अजून हयात आहेत, त्यांनी त्यांच्या आठवणी लिहून घ्याव्यात. ही माणसे झपाट्याने जात आहेत. आणि ज्यांच्या हाती लेखणी आहे, त्यांनी भक्तिगीतांबरोबर पटकथाही लिहावी. अँथनीच्या हाती पेला इतरांनी दिला, हे खरे. पण त्याच्या हातातले व्हायोलिन आपणच विसरलो. ते शोधून देणे हे दुसऱ्या कोणाचे काम नाही.