बंदुकीला काय लावायचं?

शनिवारची सकाळची शाळा सुटली होती. नळदुर्गहून तुळजापूरकडे जाणाऱ्या एसटीत माझ्या पुढच्या सीटवर आमच्याच शाळेतली नववीची दोन मुलं बसली होती. डोक्यावर टोपी, मांडीवर दप्तर आणि दोघांत मिळून एक मोबाइल. त्यातला एक जण जरा मोठ्यानंच म्हणाला, "एकेएम मिली तो ले, पन सायलेन्सर निकाल, कंपेन्सेटर लगा." पलीकडच्या सीटवरचे काका वळले. त्यांनी आधी मुलांच्या टोप्यांकडे पाहिलं, मग माझ्या दाढीकडे. मी पुढे वाकून म्हणालो, "आहिस्ता बोलो बेटा, लोगाँ देख रहे." मुलं गप्प झाली.

मागच्या लांब सीटवर कॉलेजची चार पोरं तोच गेम स्पीकर चालू ठेवून खेळत होती. गोळ्यांचा आवाज सगळ्या गाडीत घुमत होता. त्यांच्याकडे कुणी वळून पाहिलं नाही. मीही नाही.

घरी आल्यावर ही गोष्ट मनातून जाईना. मुलं काय बोलत होती हे समजून घेण्याआधी मी घाबरलो होतो. काकांनी काही म्हटलंही नव्हतं, मी मात्र त्यांच्या वतीनं मुलांना गप्प केलं होतं. सोमवारी मधल्या सुट्टीत त्या मुलाला बोलावलं. आता अब्बांना फोन जाणार, अशा चेहऱ्यानं तो आला. मी विचारलं, "सायलेन्सर क्यों निकालने का?"

मग तो दहा मिनिटं थांबलाच नाही. बीजीएमआयमध्ये शंभर खेळाडू बेटावर उतरतात आणि शेवटी जो उरतो तो जिंकतो. बंदुका आणि त्यांना लावायच्या वस्तू घराघरांत शोधाव्या लागतात. एम४१६ला पाच जागा असतात: नळीचं तोंड, खालची मूठ, मॅगझिन, मागचा दस्ता आणि वर दुर्बीण. "एकेएम कू ग्रिप लगतीच नहीं सर," तो म्हणाला. तिची गोळी जबर, पण धक्काही जबर. तोंडावर सायलेन्सर लावला तर आवाज दूर जात नाही, आपण कुठे आहोत हे पटकन कळत नाही, पण धक्का तसाच राहतो. कंपेन्सेटर लावला तर धक्का कमी होतो, पण आवाज लपत नाही. दोन्ही एकदम लावता येत नाहीत, कारण तोंड एकच. उभी मूठ लावली तर बंदूक वर उसळत नाही, तिरकी लावली तर आडवी हलत नाही. आठपट दुर्बिणीनं लांबचा माणूस दिसतो, पण दारात उभा असलेला दिसत नाही. घरात शिरायचं तर रेड डॉटच बरा. शिवाय पाठीवरच्या पिशवीला मर्यादा असते. सगळं उचललं तर औषधाला जागा उरत नाही.

बीएडला असताना पाठ टाचणात आम्ही उद्दिष्ट लिहायचो: विद्यार्थी कारणे सांगतो. वीस वर्षं मी ते उद्दिष्ट शोधतोय, आणि ते इथं माझ्यासमोर उभं होतं. हाच मुलगा मराठीच्या पेपरात फायदे-तोट्यांच्या निबंधाला तीन ओळी लिहून कोरा कागद ठेवतो. मी त्याला विषय दिला: एम४१६ की एकेएम? दुसऱ्या दिवशी दीड पान आलं. ऱ्हस्व-दीर्घाचा आनंद होता, पण 'कारण', 'म्हणून', 'त्याऐवजी' हे शब्द जिथल्या तिथं होते. अक्कल नव्हती असं नाही, आम्ही तिला कधी विचारलंच नव्हतं.

आपल्या मोहल्ल्यात या खेळाबद्दल दोनच मतं ऐकू येतात. एक, हे सगळं हराम, मोबाइल काढून घ्या. दुसरं, खेळू दे, निदान घरात तरी आहे. पहिल्या मतातली काळजी खरी आहे. फजर चुकते, अभ्यास बुडतो, डोळे लाल होतात. पण बंदीचा अनुभव आपण घेतला आहे. सप्टेंबर २०२०मध्ये सरकारनं ११८ अ‍ॅप्सवर बंदी घातली, त्यात पब्जी गेलं. जुलै २०२१मध्ये बीजीएमआय आलं, जुलै २०२२मध्ये गेलं, मे २०२३मध्ये परत आलं. तेवढ्या काळात माझी मुलं दुसरा गेम शिकली. अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तास, पालकांच्या फोनवर ओटीपी, असे नियम कंपनीनं केले. पण ज्या फोनवर ओटीपी येतो तोच फोन मुलाच्या हातात असतो. आणि दुसरं मत तर मतच नाही, ती आपली दमणूक आहे.

माझं म्हणणं असं की शेजारी बसून विचारावं. हे का लावलंस? ते का नाही? विचारत गेलो की एक वेगळीच गोष्ट दिसते. त्या सगळ्या वस्तू बंदूक चालवणाऱ्याच्या सोयीसाठी आहेत. धक्का म्हणजे त्याच्या खांद्याला बसणारा धक्का. समोरच्याला काय बसतं, त्याचा हिशेब नाही. भारतातल्या आवृत्तीत रक्तसुद्धा लाल ठेवलं नाही, हिरवं केलं.

खऱ्या शस्त्राला ही सोय नव्हती. आपल्याच जिल्ह्यातल्या परंड्याच्या किल्ल्यात एकेकाळी मलिक-ए-मैदान ही तोफ होती. १५४९मध्ये अहमदनगरला ओतलेली, सुमारे ५५ टनांची. १६३२मध्ये ती विजापूरला नेली, आजही तिथं आहे. तिच्या तोंडाला सिंहाचा जबडा कोरलाय आणि त्यात चिरडलेला हत्ती. म्हणजे नटवण्याची हौस तेव्हाही होती. पण असं सांगतात की बत्ती दिल्यावर गोलंदाज शेजारच्या पाण्याच्या हौदात बुडी मारायचा, नाहीतर कान गेले समजा. शस्त्र चालवणाऱ्यालाही त्याची भीती ठाऊक होती.

मी त्या मुलाला शेवटचा प्रश्न विचारला, "सामनेवाले के लिए क्या लगाता?" तो बराच वेळ गप्प राहिला. "वैसा कुछ आताच नहीं सर, गेम में."

मग मी त्याला बुखारी शरीफमधली एक हदीस सांगितली. बाण घेऊन मशिदीतून किंवा बाजारातून जाणाऱ्यानं त्यांची टोकं हातात धरावीत, कुणाला ओरखडासुद्धा उठू नये, अशी प्रेषितांची (स.) ताकीद आहे. शस्त्राला लावायची ही एकच वस्तू समोरच्यासाठी आहे: स्वतःचा तळहात. मुलानं मान डोलावली. पटलं की नाही, ते मला माहीत नाही. खेळणं त्यानं सोडलेलं नाही, एवढं माहीत आहे.

पुढच्या शनिवारी ती दोघं पुन्हा पुढच्याच सीटवर असतील. या वेळी मी त्यांना गप्प करणार नाही. उलट मराठीत, गाडीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारणार आहे, "का रे, सायलेन्सर का काढला?" काकांनाही कळू दे, पोरं काय बोलतायत ते.