पाठिंबा आणि निष्ठा

अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत कोणत्याही उमेदवारास पाठिंबा न देण्याचा निर्णय 'वॉशिंग्टन पोस्ट'ने ऑक्टोबर २०२४ मध्ये, मतदानास दोन आठवडेही उरले नसताना जाहीर केला. अशा पाठिंब्याने निकाल बदलत नाही, पत्र पक्षपाती असल्याचा समज मात्र बळावतो, असे त्याचे समर्थन मालक जेफ बेझोस यांनी केले. कमला हॅरिस यांना पाठिंबा देणारा मजकूर तयार होता, हे वृत्त त्याच पत्राने छापले. दोन लाखांहून अधिक वर्गणीदारांनी वर्गणी बंद केली.

बेझोस यांचे म्हणणे सर्वस्वी टाकाऊ नाही. परंतु पाठिंबा म्हणजे पक्षनिष्ठा, हे त्यात गृहीत धरलेले आहे. राजकीय भाष्यकाराचा पाठिंबा हा खरे पाहता विशिष्ट वेळी, विशिष्ट पर्यायांपुरता दिलेला निर्णय असतो. वॉल्टर लिपमन यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

१९३१ पासून 'न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून'मध्ये लिपमन यांचे सदर प्रसिद्ध होऊ लागले आणि अल्पावधीतच ते देशभर वाचले जाऊ लागले. फ्रँकलिन रूझवेल्ट हे गृहस्थ मनमिळाऊ असले तरी अध्यक्षपदास आवश्यक अशी कोणतीही मोठी पात्रता त्यांच्या ठायी नाही, असा अभिप्राय लिपमन यांनी जानेवारी १९३२ मध्ये दिला. तरीही त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात आपले मत रूझवेल्ट यांनाच असल्याचे त्यांनी लिहिले. यात विसंगती दिसते, पण ती वरवरची आहे. महामंदीने सुमारे एक चतुर्थांश कामगार बेकार झाले होते, बँका बुडत होत्या आणि हूव्हर यांच्या सरकारवरील विश्वास उडाला होता. एखाद्या वस्तूची खरी किंमत तिच्यासाठी सोडाव्या लागणाऱ्या पर्यायावरून ठरते, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक धडा आहे. मतालाही तोच नियम लागू पडतो. मतदारापुढे आदर्श पुरुष उभा नसतो. दोघांपैकी एकाची निवड करायची असते.

पुढे १९३६ मध्ये लिपमन यांनी रूझवेल्ट यांची साथ सोडली. सरकारच्या हाती एकवटत चाललेल्या सत्तेची त्यांना चिंता वाटत होती, म्हणून त्यांनी आल्फ लँडन यांचा पुरस्कार केला. लँडन यांना ५३१ पैकी अवघी ८ निर्वाचक मते मिळाली. १९६४ मध्ये गोल्डवॉटर यांच्याविरुद्ध लिपमन यांनी जॉन्सन यांची बाजू घेतली. त्याच वर्षी जॉन्सन यांच्या हस्ते त्यांचा राष्ट्रीय सन्मानही झाला. पण १९६५ मध्ये व्हिएतनाममध्ये लढाऊ सैन्य उतरताच त्यांनी जॉन्सन यांच्यावर टीकेची धार धरली आणि अध्यक्षांचा रोष पत्करला.

अशा भाष्यकारास चंचल म्हणणे सोपे आहे. त्यांचे निर्णय चुकलेही. १९६८ मध्ये त्यांनी ज्यांचा कैवार घेतला, त्या निक्सन यांना वॉटरगेट प्रकरणामुळे ऑगस्ट १९७४ मध्ये राजीनामा द्यावा लागला. मात्र पाठिंब्यामागील कारणे लेखी मांडलेली असली म्हणजे चूक कोठे झाली, हे वाचकाला तपासता येते, आणि उमेदवाराने अपेक्षाभंग केल्यावर पाठिंबा काढून घेण्याचा अधिकारही लेखकाकडे शिल्लक राहतो. निष्ठेत ही सोय नसते.

मौनाची परीक्षा मात्र कोणालाच घेता येत नाही. ज्या मालकाच्या इतर उद्योगांना सरकारी कंत्राटे मिळतात, त्याच्या पत्राने ऐन वेळी मौन धरले, तर त्याचे अर्थ लोक लावणारच. कोणताही सौदा झालेला नाही, असे बेझोस यांनी स्पष्ट केले. ते खरेही असेल. परंतु तो खुलासा करण्याची पाळी मौनानेच आणली.

कोणाला मत द्यावे, हे सुजाण वाचक स्वतः ठरवतो. भाष्यकाराकडून त्याची अपेक्षा एवढीच असते, की त्याने आपला निष्कर्ष कारणांसह मांडावा आणि निवडणूक संपल्यावरही त्या कारणांशी बांधील राहावे. विजयी उमेदवाराला पहिला जाब विचारण्याचे काम त्याच्या पाठिराख्यांचे आहे. हे ज्यांना मान्य असेल, त्यांनी पाठिंबा देण्यास कचरण्याचे कारण नाही.