सॉकेट म्हणजे बुश

कळंब्याहून कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर कामाला जाणाऱ्या माणसाला बुश कशासाठी असतो हे समजावून सांगावे लागत नाही. शाफ्ट महाग, बुश स्वस्त. शाफ्ट वाचावा म्हणून बुशाने झिजायचे आणि झिजला की दाबून बाहेर काढून नवा बसवायचा. ऑइल इंजिनाचे लायनर, पिस्टनच्या रिंगा, बेअरिंगच्या वाट्या या सगळ्यांमागे हाच हिशेब आहे. जिथे घासाघीस तिथे झीज होणार हे बनवणाऱ्याने आधीच मान्य केलेले असते आणि त्या झिजेला त्याने एक बदलता येणारी जागा नेमून दिलेली असते. कोल्हापूरच्या कारखानदारीची अक्कल या एका गोष्टीत मावते, असे म्हटले तर फार चुकणार नाही. नवल याचे वाटते, की हीच अक्कल आपण घरातल्या विजेवर चालणाऱ्या छोट्या वस्तूंपाशी आलो की उंबऱ्याबाहेर ठेवतो. माळ्यावरचा जुना टीव्ही गेम खाली काढला, अ‍ॅडाप्टर लावला, दिवा लागला नाही, पिन जरा हलवल्यावर लागला आणि हात सोडताच विझला, की घरचे एकमताने निकाल देतात: ‘मशीन गेलं.’ मशीन कुठेही गेलेले नसते. त्याचा बुश झिजलेला असतो, आणि तो बुश म्हणजे मागच्या बाजूचे ते गोल पॉवर सॉकेट.

ही यंत्रे कोणती हे चाळिशीच्या आसपासच्या वाचकाला ठाऊक आहे. जपानमध्ये निन्टेंडोचा फॅमिकॉम जुलै १९८३ मध्ये आला. भारतात त्याच जातीची यंत्रे ‘सामुराई’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांनी आणि त्याहून कितीतरी जास्त संख्येने बिननावाच्या नकलांच्या रूपात घरोघर पोचली. आपण कार्ट्रिजला ‘कॅसेट’ म्हणालो, ती चालली नाही की तिच्यात फुंकर मारली (फुंकरीतल्या ओलाव्याने पिना गंजतात, म्हणून कंपनीच तसे करू नका म्हणत असे, आपण ऐकले नाही) आणि अ‍ॅडाप्टरची वायर पलंगाखालून, पायांमधून, झाडूच्या वाटेवरून ताणून टीव्हीपर्यंत नेली. हा शेवटचा तपशील या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

आता बिघाड नेमका होतो कसा ते पाहू. सॉकेटला खाली साधारणपणे तीन पाय असतात: एक मधल्या खिळीचा, एक बाहेरून पिनेला दाबून धरणाऱ्या पत्तीचा आणि तिसरा पिन आत गेल्यावर सुटणाऱ्या संपर्काचा. हे पाय बोर्डाच्या भोकांतून खाली उतरवून डाख दिलेला असतो. स्वस्त यंत्रांतला बोर्ड तपकिरी, कागद आणि राळेच्या थरांचा असतो. त्याला तांबे एकाच बाजूला असते आणि भोकाच्या आतून धातूचा मुलामा नसतो. म्हणजे सॉकेटला धरून ठेवणारी गोष्ट कोणती, तर नखाएवढी तांब्याची टिकली आणि तिच्यावरचा डाखाचा थेंब. पिन सॉकेटाबाहेर बोटभर लोंबते. वायरीला हिसका बसला की ही पिन तरफेसारखी काम करते आणि सगळा जोर त्या थेंबांवर येतो. कथील-शिशाचा नेहमीचा डाख १८३ अंशांना वितळतो. तो मऊ आहे, आणि वीज वाहून नेणे हे त्याचे काम आहे. ओझे पेलणे हे खिळ्याचे, स्क्रूचे, रिबेटचे काम. ते काम वर्षानुवर्षे डाखाकडून करून घेतले की पायाभोवती बांगडीसारखी बारीक भेग पडते. घड्याळजीचे भिंग लावून तिरप्या उजेडात पाहिली तर ती दिसते. त्या भेगेत ठिणग्या उडतात, ठिणग्यांनी काजळी धरते, काजळीने अडथळा वाढतो, अडथळ्याने जागा तापते आणि तापल्याने डाख आणखी ढिला होतो. हे सगळे होत असताना आतली चिप शाबूत असते.

म्हणून माझे म्हणणे असे, की तुटलेले सॉकेट दुरुस्त करणे हे दिसायला वीजकाम असले तरी मुळात जोडकाम आहे. हे न ओळखल्यामुळेच बरीचशी दुरुस्ती अर्धी होते. गरम सोल्डरिंग आयर्न टेकवून जुन्याच डाखावर नवा थेंब सोडला की दिवा लागतो, गिऱ्हाईक पैसे देते आणि दोन महिन्यांनी पुन्हा तेच. कल्हईवाल्याची पद्धत आठवा: भांडे आधी घासायचे, तापवायचे, नवसागर टाकायचा, मगच कथील. घाणीवर कथील धरत नाही हे त्याला शाळेत न जाता कळलेले असते. इथेही जुना काळवंडलेला डाख विकने (तांब्याच्या विणलेल्या पट्टीने) टिपून पूर्ण काढायचा, पाय आणि टिकली खरवडून चकचकीत करायची, राळेचा फ्लक्स लावायचा आणि मग नवा डाख. टिकली उखडून आली असेल तर तिला चिकटवत बसण्यात अर्थ नाही. त्याच तांब्याच्या पट्टीवर पुढे जिथे पक्की जागा असेल तिथपर्यंत वायरीचा तुकडा न्यावा. एवढ्याने वीज वाहील. ओढीचा बंदोबस्त मात्र वेगळा करावा लागतो, आणि खरी दुरुस्ती तिथे सुरू होते. सॉकेटच्या बुडाला एपॉक्सीचा आधार द्या. किंवा त्याहून चांगले, नटाने आवळायचे सॉकेट घेऊन ते थेट डब्याच्या भिंतीत बसवा आणि तिथून दोन मऊ वायरी बोर्डापर्यंत आणा. मग हिसका डबा सोसेल, डाखाला काही सोसावे लागणार नाही. पुढच्या वेळी सॉकेट झिजले तर बोर्डाला हातही न लावता बदलता येईल. बुशाची जागा तयार झाली.

यावर कामाची माणसे एक आक्षेप घेतात, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. सॉकेट हवेच कशाला? अ‍ॅडाप्टरची वायर कापून थेट बोर्डावर डाख द्या, पिनच नाही तर लूज काय होणार? ही युक्ती अनेक घरांत वर्षानुवर्षे चाललेली आहे, तिला नाक मुरडण्याचे कारण नाही. फक्त तिच्यात ओढ नाहीशी होत नाही, जागा बदलते. पिन निसटून जाण्याची जी सोय होती तीही गेल्यामुळे आता हिसका बसला की सरळ तांब्याची पट्टीच सोलून निघते. वायरीला डब्याच्या आत गाठ मारून किंवा क्लिपने आवळून मग डाख दिला असेल, तर ही दुरुस्ती मी मान्य करीन. गाठीविना केलेली करणार नाही. दुसरी सूचना हल्लीच्या तरुणांची: यूएसबी-सी लावून टाका. हरकत नाही, पण तेही लहानसे सॉकेटच आहे आणि तेही नुसत्या डाखावर टांगले तर त्याच मार्गाने जाईल. शिवाय दोन्ही टोकांना सी असलेल्या वायरीतून वीज हवी असेल तर ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर लागतात, नाहीतर चार्जर काहीच देत नाही आणि दोष जुन्या यंत्राच्या माथी येतो.

अ‍ॅडाप्टरचा मुद्दा थोडा विस्ताराने सांगायला हवा, कारण सॉकेट नीट बसवून झाल्यावर यंत्र खरोखर मरते ते इथे. फॅमिकॉमला आणि त्याच्या बहुतेक नकलांना मध्ये उणे आणि बाहेर अधिक अशी पिन लागते. आज घरात पडलेले राउटरचे किंवा कॅमेऱ्याचे अ‍ॅडाप्टर जवळपास सगळे उलटे, मध्ये अधिक. आकार सारखाच, म्हणून पिन बसते. आणि आत संरक्षक डायोड असेलच असे नाही. अमेरिकेत १९८५ पासून विकलेल्या निन्टेंडोचे आणखी वेगळे: त्याचा अ‍ॅडाप्टर ९ व्होल्टची एसी देतो आणि डीसी करण्याचे काम यंत्राच्या पोटात होते. तो अ‍ॅडाप्टर फॅमिकॉमला लावला तर यंत्र संपलेच म्हणायचे. विजेच्या दाबाचेही तसेच. आतला ७८०५ हा रेग्युलेटर येईल त्या दाबाचे ५ व्होल्ट करतो आणि उरलेला दाब उष्णता म्हणून फेकतो. यंत्र अर्धा अँपियर घेते असे धरले तर ९ व्होल्टवर दोन वॉट उष्णता होते, १२ व्होल्टवर साडेतीन. ‘चालतंय की’ म्हणून बारा व्होल्टचा लावणारा माणूस पाऊणपट जास्त विस्तव पेटवतो. भोकाचा आकारही मोजून घ्यावा: बाहेरून ५.५ मिलिमीटरच्या पिनेत आतले भोक २.१ किंवा २.५ मिलिमीटरचे असते. अडीचची पिन २.१ च्या खिळीवर सैल बसते आणि नव्या सॉकेटालाही जुन्याचा रोग जडतो.

मग साधा प्रश्न उरतो: खेळण्यासाठी एवढा खटाटोप का? तेच खेळ मोबाइलवर फुकट चालतात. चालतात, मान्य. बंदुकीचा खेळ तेवढा चालत नाही, कारण ती बंदूक जुन्या काचेच्या टीव्हीचा उजेड टिपून काम करते. पण एका बंदुकीवर मी माझा युक्तिवाद टांगणार नाही. खटाटोपाची मजुरी निघत नाही हा आक्षेप जास्त खरा आहे. सॉकेट चहाच्या किमतीत मिळते, वेळ मात्र तासभर जातो, आणि त्या तासाचे पैसे मागितले की गिऱ्हाईक नव्या नकलेची किंमत सांगते. डांबरासारख्या काळ्या थेंबाखाली सगळी चिप पुरलेल्या नकलेचा बोर्डच तडकला असेल तर मीही सोडून द्या म्हणेन. पण तो तास कशात जातो ते पाहावे. डाख द्यायला पाच मिनिटे लागतात. बाकीचा वेळ स्क्रू काढण्यात, बोर्ड सोडवण्यात आणि उखडलेली टिकली सावरण्यात जातो. म्हणजे दुरुस्ती महाग ठरते ती मूळ मांडणीमुळे. दोन वायरींवरचे सॉकेट असते तर दहा मिनिटांत काम झाले असते, आणि परवडत नाही म्हणण्याची वेळच आली नसती.

हे म्हणणे आता केवळ हौशी लोकांचे राहिलेले नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली तेव्हा चार क्षेत्रे धरली, आणि त्यांत मोबाइल-टॅबलेटबरोबर शेतीची अवजारेही होती. आपल्या जिल्ह्यात ही दोन्ही एकाच घरात सापडतात. वस्तू किती दुरुस्त होण्याजोगी आहे याचा निर्देशांक कसा काढावा, याचा अहवाल मे २०२५ मध्ये आला. मोबाइल आणि टॅबलेटच्या ज्या भागांकडे आधी पाहायचे त्या यादीत बॅटरी आणि पडद्याबरोबर चार्जिंग पोर्ट आहे. सरकारी भाषेत का होईना, पण सॉकेट हा बुश आहे हे लिहिले गेले. दुसरीकडे १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत व्हिडिओ गेमही मोडतात. कचरा झाल्यावर त्याची नोंद आहे; कचरा होण्याआधी तो कसा उघडावा याची सक्ती नाही. जगात २०२२ मध्ये ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे, असे संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात आहे. निन्टेंडोने जपानमध्ये फॅमिकॉमची दुरुस्ती ऑक्टोबर २००७ मध्ये थांबवली, कारण सुटे भाग संपले. चोवीस वर्षे ही लहान मुदत नव्हे, त्याबद्दल कंपनीला दोष देता येणार नाही. पण त्यातली मौज पाहा: खास बनवलेली चिप आता बनत नाही आणि ती क्वचितच बिघडते, नेहमी तुटणारे गोल सॉकेट मात्र आजही बाजारात पोत्याने मिळते. उत्तर अमेरिकेतल्या सुपर निन्टेंडोसाठी त्याच कंपनीने स्वतःचे वेगळेच सॉकेट काढले, मध्ये प्लास्टिकची दांडी असलेले. ती दांडी मोडते, आणि मोडली की साध्या दुकानातला कुठलाच जॅक चालत नाही.

कळंबा रोडला शासकीय आयटीआय आहे. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हा दोन वर्षांचा ट्रेड शिकवतात आणि डाख देणे-काढणे हे त्यातले सुरुवातीचे काम. त्या बाकावर सरावासाठी जुना टीव्ही गेम ठेवावा असे मला वाटते. नऊ व्होल्टने शॉक बसत नाही, बोर्ड नाजूक असल्यामुळे हात आपोआप हलका होतो, आणि दुरुस्ती जमली की नाही हे मीटरच्या आधी पडदाच सांगतो. परीक्षा मात्र दिवा लागण्याची घेऊ नये. पिन लावून यंत्र चालू ठेवावे, वायर चारी दिशांनी हलवावी, एक बेताचा हिसका द्यावा. चित्र थरथरले तर डबा पुन्हा उघडायला लावावा. आणि पास झालेल्या यंत्राच्या पाठीवर, सॉकेटच्या शेजारी, पक्क्या शाईने लिहायला लावावे: ९ व्होल्ट डीसी, मध्ये उणे.